कुंपणापलीकडचा विषय

पदवीधर माणसाला त्याच्या विद्यार्थिदशेविषयी बोलते केले, म्हणजे एक गंमत अनुभवास येते. ज्या विषयात त्याने पदवी घेतली, त्याविषयी तो मोजके आणि जबाबदारीने बोलतो. परंतु जो विषय त्याने केवळ नियम होता म्हणून घेतला, त्याची आठवण निघाली की त्याची मुद्रा पालटते. कुणी हसतो, कुणी कपाळाला आठ्या घालतो, तर कुणी त्या विषयाच्या एखाद्या प्राध्यापकाचे नाव आदराने उच्चारतो. वकिलाला भूमितीतले सिद्धांत आठवतात, शास्त्रज्ञाला संस्कृत नाटकातला एखादा प्रवेश आठवतो. आपल्या देशातील थोर पुरुषांची चरित्रे व आत्मचरित्रे चाळली, तर या सक्तीच्या विषयांनी त्यांच्या आयुष्याला दिलेली वळणे ठिकठिकाणी दिसतात. ही वळणे नेहमीच सुखाची नव्हती. एकाच नियमाने एकाला त्याच्या जीवितकार्याची वाट दाखवली आणि दुसऱ्याची वाट अडवून धरली. असे का झाले, याचा इतिहासाच्या आधाराने थोडा विचार करावयाचा आहे.

१८५४ सालच्या वुड यांच्या खलित्यानंतर, १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन ठिकाणी विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यापुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने शिकवावयाचे नाही, अभ्यासक्रम आखावयाचा, परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. पदवीधर हा बहुश्रुत असावा, ही या विद्यापीठांच्या आखणीमागची कल्पना होती. म्हणून प्रवेश परीक्षेनंतर कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही इंग्रजी, एक अभिजात भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, गणित आणि सृष्टिविज्ञान असे अनेक विषय थोडेथोडे अभ्यासावे लागत. प्रवेश आणि बी.ए. यांच्यामध्ये जी पायरी होती, तिला कलकत्त्यास व मद्रासेस 'फर्स्ट आर्ट्स' म्हणजे एफ.ए. म्हणत, मुंबईकडे तिचे पुढे 'प्रीव्हियस' हे नाव रूढ झाले. ही पायरी ओलांडल्यावाचून आपल्या आवडीच्या विषयाकडे जाता येत नसे. आणि ती ओलांडावयाची म्हणजे सर्व विषयांत, एकाच वेळी, उत्तीर्ण व्हावयाचे.

ही कल्पना मुळात वाईट होती, असे कोणी म्हणणार नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा १८६२ साली झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे या विद्यापीठाचे आरंभीचे पदवीधर. या पिढीच्या लेखनात एक निराळीच ऐसपैस दृष्टी आढळते. इतिहासाविषयी लिहिताना रानड्यांना अर्थशास्त्र परके वाटत नाही. त्यानंतरच्या पिढीत लोकमान्य टिळकांचे उदाहरण तर बोलके आहे. डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापाशी ते गणित शिकले, त्याच विषयात त्यांनी बी.ए. केले आणि नंतर ते कायद्याकडे वळले. संस्कृत तर त्यांच्या घरातच होते. या सगळ्यांचा मेळ बसला तो १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' या ग्रंथात. वसंतसंपात मृगनक्षत्रात कधी होता, याच्या गणितावरून वेदांचा काळ ठरवण्याचा तो प्रयत्न होता. टिळकांचे निष्कर्ष पुढील विद्वानांना मान्य झाले की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु असा प्रश्न सुचण्यासाठीच एका डोक्यात दोन विद्या नांदाव्या लागतात.

तथापि विद्यापीठाच्या या यादीत काय होते यापेक्षा काय नव्हते, तेही पाहिले पाहिजे. आरंभी परीक्षांत देशी भाषांना जागा होती. पण १८६० नंतरच्या काही वर्षांतच त्या मागे सारल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृत, लॅटिन, पर्शियन अशा अभिजात भाषांनी घेतली. परिणाम असा झाला की, मराठी तरुणाला परके विषय सक्तीचे आणि स्वतःची भाषा मात्र विद्यापीठाच्या दाराबाहेर! या भाषांना पुन्हा आत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटले. जानेवारी १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला.

आता आपण कलकत्त्याकडे वळू. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात अग्रभागी आहे. परंतु हा रसायनशास्त्रज्ञ मूळचा साहित्याचा आणि इतिहासाचा भक्त. शाळेत असताना आमांशाच्या दुखण्याने त्यांना सुमारे दोन वर्षे घरी बसावे लागले, तेव्हा वडिलांच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तके त्यांनी अधाशासारखी वाचून काढली. १८७९ साली ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत दाखल झाले. तिथे सुरेंद्रनाथ बॅनर्जी इंग्रजी शिकवीत, हेही एक आकर्षण होते. या तरुणाची स्वाभाविक वाट साहित्याची होती. पण त्या वेळच्या एफ.ए.च्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्र सक्तीचे होते आणि मेट्रोपॉलिटनमध्ये ते शिकवण्याची सोय नव्हती. म्हणून त्या विषयाच्या व्याख्यानांसाठी बाहेरचा विद्यार्थी या नात्याने ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊ लागले.

तिथे अलेक्झांडर पेडलर हे प्राध्यापक होते. पेडलरांची खरी ख्याती होती ती वर्गात करून दाखवलेल्या प्रयोगांबद्दल. वर्गात पाहिलेले प्रयोग स्वतः करून पाहिल्यावाचून राय यांना चैन पडेना. एका वर्गमित्राच्या खोलीवर त्यांनी लहानशी प्रयोगशाळा थाटली. साध्या कथलाच्या पत्र्याची फुंकनळी करून तीत प्राणवायू आणि उज्जवायू यांची ज्योत पेटवण्याच्या प्रयत्नात ती नळी एकदा फुटली, पण दोघेही सुदैवाने बचावले, ही आठवण त्यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात मोठ्या खुषीने सांगितली आहे. नियमामुळे ऐकावयास गेलेला विषय असा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. १८८२ साली त्यांना गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली; त्या वर्षी ती मिळवणारा दुसरा विद्यार्थी मुंबईचा एक पारशी तरुण होता. त्या परीक्षेला अनेक भाषांचे ज्ञान लागे, म्हणून राय यांनी लॅटिन, फ्रेंच व संस्कृत यांची तयारी केली होती. एडिंबरोला जाऊन १८८७ साली ते डी.एस्सी. झाले.

आणि या कथेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रसायनशास्त्रज्ञ झाल्यावरही त्यांनी साहित्य आणि इतिहास सोडला नाही. संस्कृत पोथ्यांचा धांडोळा घेऊन त्यांनी 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' हा ग्रंथ इंग्रजीत दोन खंडांत लिहिला; पहिला खंड १९०२ साली आणि दुसरा १९०९ साली प्रसिद्ध झाला. केवळ रसायन जाणणाऱ्याला त्या पोथ्या वाचता आल्या नसत्या आणि केवळ संस्कृत जाणणाऱ्याला त्यांतल्या प्रक्रिया उमगल्या नसत्या.

सक्तीच्या विषयाचे समर्थन करणाऱ्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. परंतु सुमारे पंचवीस वर्षांनी, त्याच नावाच्या परीक्षेने, दक्षिणेत काय केले ते पाहा.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे झाला आणि बालपण कुंभकोणम येथे गेले. शाळेत सर्वच विषयांत हुशार असलेला हा मुलगा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कार या लेखकाचा गणितातील सिद्धांतांचा एक संग्रह त्याच्या हाती पडला. त्या पुस्तकात सिद्धांत होते, पण सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. त्या या मुलाने स्वतः शोधण्यास आरंभ केला आणि मग त्याला दुसरे काही दिसेना. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तो शिष्यवृत्ती घेऊन गेला. एफ.ए.च्या वर्गात गणिताबरोबर इंग्रजी, संस्कृत, ग्रीस व रोमचा इतिहास आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय होते. इतर विषयांच्या तासालाही त्याची वही गणितानेच भरे. तो इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. गरीब घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. १९०५ साली तो घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. १९०६ साली मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा नाव घातले. आजारपणामुळे तेही शिक्षण खंडित झाले. १९०७ साली तो एफ.ए.च्या परीक्षेला बसला, तो गणितात उत्तीर्ण झाला आणि इतर विषयांत नापास.

शरीरक्रियाशास्त्राशी तर त्याचे कधीच जमले नाही. पचनसंस्थेवरील प्रश्नाच्या उत्तरपत्रिकेत, हा धडा आपल्याला पचलेला नाही अशा अर्थाचे काही लिहून त्याने क्षमा मागितली, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. ऐकणाऱ्याला हसू येते. पण त्या हसण्यामागे पाच-सहा वर्षांची वणवण दडलेली आहे. पदवी नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून कागदालाही पैसे नाहीत. बरीचशी आकडेमोड पाटीवर करावयाची, कोपराने पुसावयाची आणि उत्तर तेवढे वहीत उतरवावयाचे. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली, तेव्हा कुठे थोडे स्थैर्य आले. जानेवारी १९१३ मध्ये त्याने केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना ते सुप्रसिद्ध पत्र लिहिले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्याला दरमहा पंच्याहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. अशी शिष्यवृत्ती एरवी एम.ए. झालेल्यांसाठी असे, ज्याला त्या विद्यापीठाची पहिली पायरी ओलांडता आली नव्हती, त्याच्यासाठी नियमाला अपवाद करावा लागला. केंब्रिजनेही त्याच्या पदवीचा आग्रह न धरता त्याला संशोधक विद्यार्थी म्हणून घेतले. १९१८ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १९२० साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

हार्डींनी पुढे या सर्व प्रकाराचा दोष लवचिकपणा नसलेल्या शिक्षणपद्धतीवर ठेवला आहे. गणितज्ञाच्या आयुष्यात अठरा ते पंचवीस ही वर्षे निर्णायक असतात आणि रामानुजनची तीच वर्षे वाया गेली, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र इंग्लंडातली विद्यापीठे याबाबतीत निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. केंब्रिजमध्ये गणिताच्या विद्यार्थ्यालाही पूर्वपरीक्षेसाठी ग्रीक भाषा सक्तीची होती. ती काढावी की ठेवावी याविषयी तिथे अनेक वर्षे हमरीतुमरीचे वाद झाले आणि ती सक्ती उठली १९१९ साली.

श्रोतेहो, राय आणि रामानुजन यांची ही दोन चरित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे काय दिसते? नियम एकाच जातीचा होता, परीक्षेचे नावही एकच होते. फरक दोन गोष्टींत होता. पहिला फरक शिक्षकाचा. राय यांना तो परका विषय प्रयोगाच्या रूपाने, जिवंत, डोळ्यांपुढे दिसला. परंतु दुसरा फरक अधिक खोल आहे. राय यांच्यापुढे रसायनशास्त्र आले ते एक नवे दालन म्हणून. रामानुजनपुढे इंग्रजी आणि शरीरक्रियाशास्त्र आले ते त्याच्या स्वतःच्या दालनाच्या दारावरचे कुलूप म्हणून. विद्यार्थ्याने परका विषय ऐकावा, वाचावा, त्याची चव घ्यावी, असे म्हणणे वेगळे. आणि त्यात ठरावीक गुण पडल्याखेरीज त्याला त्याच्या विषयाच्या अंगणातही येऊ देऊ नये, असे म्हणणे वेगळे. पहिल्यात शिक्षण आहे, दुसऱ्यात केवळ पहारा आहे. त्या काळच्या विद्यापीठांनी या दोहोंत भेद केला नाही.

महाराष्ट्रातही याचे प्रत्यंतर मिळते. मराठी कादंबरीला ज्यांनी प्रौढत्व दिले त्या हरि नारायण आपट्यांना गणितात गती नव्हती. महाविद्यालयात जाऊनही त्यांच्या हाती पदवी आली नाही. पुढे मात्र त्याच मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठी भाषेचा उगम आणि विकास या विषयावर त्यांची व्याख्याने झाली. हीच व्याख्यानमाला १८७७ साली भांडारकरांनी गाजवली होती. ज्याला बी.ए.ची पदवी मिळू शकली नाही, त्याच्याकडून मराठीचा इतिहास ऐकण्याची वेळ विद्यापीठावर यावी, यात विद्यापीठाचा मोठेपणा आहे, तसाच त्याच्या जुन्या नियमांवरचा अभिप्रायही आहे.

याहून गंभीर असा एक प्रकार आहे. सक्तीच्या विषयांत निवड असते असे नियम सांगतो. परंतु ती निवड सर्वांना खुली असतेच असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना दुसरी भाषा म्हणून त्यांना संस्कृत घ्यावयाची होती. अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा म्हणून ती त्यांना नाकारली गेली आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातही त्यांनी पर्शियनचाच अभ्यास केला आणि ते त्या भाषेसह बी.ए. झाले. पर्शियन त्यांना चांगली अवगत झाली. पण संस्कृत आपल्याला हवी होती, हे शल्य त्यांनी पुढे बोलून दाखवले आहे. ती भाषा त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने शिकण्याचा यत्न केला. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत, संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही या आक्षेपाचा त्यांनी स्वतःच उल्लेख केला आणि आपण पंधरा वर्षे या वाङ्मयाचा भाषांतरांच्या द्वारे अभ्यास केला आहे, हे त्याला उत्तर दिले. ज्यांनी दार लावून घेतले, त्यांच्याच बाजूने 'तुम्ही आत का आला नाहीत' असे विचारले जाण्याचा हा प्रसंग होता. रामानुजनला नको असलेला विषय घ्यावा लागला. आंबेडकरांना हवा असलेला विषय घेता आला नाही. अभ्यासक्रमाच्या इतिहासात सक्तीची गोष्ट सर्वजण बोलतात, मज्जावाची गोष्ट फार थोडे बोलतात.

परके विषय कोणते असावेत, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या जीवनाकडे पाहून सोडवण्याचा एक प्रयत्न महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी केला. फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ पासून सुमारे तेवीस वर्षे त्यांनी गणित शिकवले होते. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि अभ्यासक्रमात गृहव्यवस्था व आरोग्यशास्त्र यांना आवश्यक विषयांचे स्थान दिले. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम असावा काय, याविषयी तेव्हाही मतभेद होते आणि ते रास्तच होते. पण मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील याद्या लंडनकडे पाहून तयार झाल्या होत्या. ही यादी समोरच्या विद्यार्थिनींकडे पाहून तयार झाली, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८-४९ साली विद्यापीठ शिक्षण आयोगाने या प्रश्नाचा पुन्हा मुळापासून विचार केला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्यांचा आणि कलेच्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा परिचय असावा, यासाठी आयोगाने 'सामान्य शिक्षणा'चा पुरस्कार केला. काही विद्यापीठांनी पुढे तसे अभ्यासक्रम सुरूही केले. तरीही आपल्याकडे शाखांची कुंपणे उंचच होत गेली. शालान्त परीक्षेनंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन वाटा फुटल्या, म्हणजे त्या पुन्हा एकमेकींस क्वचितच भेटत. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कुंपणे खाली आणण्याचे ठरवले आहे. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, शाखेबाहेरचे खुले वैकल्पिक विषय आणि त्यांची श्रेयांकांत मोजदाद, ही भाषा आज महाविद्यालयांत रूढ होत आहे. म्हणजे कुंपणापलीकडचा विषय पुन्हा विद्यार्थ्यापुढे आला आहे.

तो येताना गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या या अनुभवाचा आपल्याला उपयोग व्हावा. परका विषय शिकवण्यासाठी महाविद्यालयाने आपला उत्तम शिक्षक द्यावा. ज्याचा तास रिकामा आहे तो नव्हे. त्या विषयातल्या अपयशाने विद्यार्थ्याचा स्वतःच्या विषयाकडचा रस्ता बंद होऊ नये. त्याला तो पुन्हा देता यावा, किंवा त्याऐवजी दुसरा घेता यावा. आणि निवडीचा अधिकार कागदावर जितका रुंद आहे, तितकाच तो खेड्यातल्या, एका शिक्षकावर चालणाऱ्या विभागाच्या महाविद्यालयातही असावा. नाहीतर निवड म्हणजे जे उपलब्ध असेल ते, असाच तिचा अर्थ होईल. प्रेसिडेन्सी कॉलेजने दुसऱ्या संस्थेच्या एका मुलाला आपल्या व्याख्यानांना बसू दिले, म्हणून देशाला एक रसायनशास्त्रज्ञ मिळाला. शेजारच्या संस्थेचे दार असे उघडे ठेवणे आज पूर्वीपेक्षा पुष्कळच सोपे झाले आहे, आणि ज्या महाविद्यालयांत सोयी आहेत त्यांनी ते ठेवलेच पाहिजे.